विमानाची हमी तीन वर्षांची, इमारत तीस वर्षांची: सड्यावरच्या एका प्रवासी केंद्राचं प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या इमारतीचं आहे. सिंधुदुर्ग विमानतळाच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या चिपीच्या पंचक्रोशीतल्या चौदा टॅक्सीमालकांनी मिळून विमानाच्या प्रवाशांसाठी स्वतःचं केंद्र बांधलं. बसायला मोठा हॉल, स्वच्छतागृहं, चहा-जेवणाची सोय आणि मागच्या अंगाला मुक्कामाच्या चार खोल्या. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. त्या केंद्राचा नकाशा मी काढला आणि अंदाजपत्रकही मीच केलं. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या कागदावर जन्मल्या. माणसं आणि वाडी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विमानतळाच्या तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

कोकणात विमान उतरवायचं तर सड्यावरच, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच जावं लागतं. खाली खाजण, शेतं, माडाच्या बागा, आणि सलग सपाट जमीन काय ती कातळावर. चिपी सड्यावर, गोव्याचं मोपा सड्यावर, तिथला जुना विमानतळ दाबोळीही पठारावर. मुंबईने सुरुवात केली ती किनाऱ्यालगत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, पण पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, म्हणून चार महिने सगळं पुण्याला हलवावं लागायचं. आमच्याकडे चिखलाचा प्रश्न नाही. आमच्याकडे ढग सड्यावर टेकतात.

चिपीची धावपट्टी अडीच हजार मीटरची. २०१८ च्या गणपतीच्या तोंडावर पहिलं चाचणी विमान उतरलं, तेव्हा आसपासच्या वाड्यांतली माणसं छत्र्या घेऊन कुंपणाला उभी होती. मीही होतो. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही वाटलं नसेल की तिकीट काढून चढायचं पहिलं विमान यायला आणखी तीन वर्षं जातील.

टॅक्सीमालकांचं मंडळ जन्मलं ते त्याच गणपतीत. सभासदांपैकी बहुतेक जण कुडाळ स्टेशनवर आणि दाबोळीला भाडी मारणारे. दाबोळीला जाणं म्हणजे गोव्याची हद्द, तिथला कर, तिथल्या टॅक्सीवाल्यांशी रोजची कुरबुर. आपल्या दारात विमान उतरणार म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते समजायला कोकणातच जन्मायला हवं असं नाही. अध्यक्ष तात्यांनी पहिल्या बैठकीत सांगितलं, "आता गिऱ्हाइकाक आमच्या उंबऱ्यार येवचा लागतला." त्यात बढाई नव्हती. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

आराखडा: पहिला निर्णय

एका सभासदाच्या घराण्याची विमानतळ रस्त्याला लागून पडीक जमीन होती. ती पंधरा वर्षांच्या कराराने मिळाली. त्यावर काय बांधायचं यासाठी तीन पर्याय होते. एक, लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची शेड आणि बाकडी, उद्या उचलून नेता येईल अशी. दोन, काहीच न बांधता कुडाळला एक गाळा भाड्याने घेऊन फोनवर बुकिंग चालवायचं. तीन, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची पक्की इमारत.

शेडला विरोध झाला तो पावसामुळे. सड्यावर नैऋत्येचा वारा सुटला की पत्रा टिकत नाही, आणि पत्र्यावरच्या पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही हरकत खरी होती. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते बैठकीत कुणी बोललं नाही. समोर काचेचं चकचकीत टर्मिनल उभं राहत होतं. त्याच्या फाटकासमोर आपली पत्र्याची शेड नको, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही. कुडाळच्या गाळ्यावर तर पाच मिनिटंही चर्चा झाली नाही.

मग प्रश्न आला, हॉल केवढा? इथे मी जे केलं ते नीट सांगतो, कारण प्रकरणाची खरी गाठ इथे आहे.

टर्मिनल वर्षाच्या प्रवाशांवर आखत नाहीत. सर्वांत गर्दीच्या तासाला किती माणसं एकदम आत असतील, त्यावर आखतात. चिपीचं टर्मिनल गर्दीच्या तासाला २०० येणारे आणि २०० जाणारे अशा हिशेबाने बांधलेलं आहे, हे वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मी तो ४०० चा आकडा घेतला. त्यातले एवढे टक्के आपल्याकडे येतील, त्यांतले एवढे अर्धा तास थांबतील, असं करत साठ माणसं बसतील असा हॉल काढला. गणित बिनचूक होतं, पण सुरुवातीचा आकडाच चुकीच्या जागेवरून उचललेला होता. ४०० ही इमारतीची क्षमता होती. किती माणसं येणार हे इमारत सांगत नाही. ते विमान कंपनीचं वेळापत्रक सांगतं, आणि वेळापत्रक तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं होतं, "पण काका, विमाना किती येतली?" मी म्हणालो, "एवढं टर्मिनल बांधतायत म्हणजे विचार करूनच बांधत असतील ना." त्या मुलाचा प्रश्न इतिवृत्तात लिहिलेला आहे. माझं उत्तर लिहिलेलं नाही, पण मला ते आठवतं.

दुसरी चूक त्याहून बारीक आणि म्हणून जास्त शिकवणारी. साठ माणसं अर्धा तास थांबतील हे मी एसटी स्टँडवरून गृहीत धरलं. एसटीला आणि रेल्वेला माणूस थांबतो, म्हणून तिथे बाकडी लागतात. विमानाचा माणूस कुठे थांबतो? जाणारा सामान देऊन सुरक्षा तपासणीतून आत जातो आणि आतच बसतो. येणारा बॅग घेतो आणि सरळ गाडीत शिरतो. बाहेर थांबणारा असा प्रवासी जवळजवळ नसतोच. मी आयुष्यात चार वेळा विमानात बसलो होतो. चारही वेळा असंच केलं होतं, तरी नकाशा काढताना हे डोक्यात आलं नाही.

बांधकाम

पाया खोदायला त्रास झाला नाही, कातळ वरच होता. चिरा जवळच्याच खाणीचा. पाण्यासाठी बोअर मारली, ती शिमग्यापर्यंत चालायची, नंतर टँकर. खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि सात वर्षांच्या कर्जातून. मध्ये २०२० चं टाळेबंदीचं वर्ष गेलं, कामगार गावी गेले, भिंती छपराविना पावसात भिजल्या.

दर्शनी बाजू काचेची केली. सभासदांना टर्मिनलसारखं हवं होतं आणि मी नाही म्हटलं नाही. ती बाजू पश्चिमेला. कोकणात जुन्या माणसाने पश्चिमेला पडवी घेतली असती, छप्पर चार फूट पुढे काढलं असतं, झड आत येऊ नये म्हणून. मी बारा फूट उंच काच लावली. पहिल्याच आषाढात खालच्या पट्टीतून पाणी आत आलं, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नसे. स्वच्छतागृहांचा दरवाजा हॉलमधून दिला, कारण टर्मिनलमध्ये तसाच असतो. त्या एका दरवाजाने पुढे किती छळलं ते पुढे येईलच.

काय घडलं

९ ऑक्टोबर २०२१, ऐन नवरात्र. विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. विमान एटीआर ७२, जागा सत्तर. दिवसाला एक. म्हणजे ज्या आकड्यावर मी हॉल आखला तो ४०० चा, आणि प्रत्यक्षात एका दिवसात उतरणारी माणसं जास्तीत जास्त सत्तर.

तरीही पहिला हंगाम चांगला गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर बोलताना लोक पहिल्या दिवसापासून सगळं फसलं होतं असं सांगतात आणि ते खोटं आहे. विमान भरून यायचं. छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेमुळे अर्ध्या जागांचं भाडं मर्यादेत होतं, चाकरमानी हौसेने येत होते, आजी-आजोबांना पहिल्यांदा विमानात बसवून आणत होते. गाड्यांना भाडी होती. फक्त हॉल रिकामा होता. आम्ही म्हणालो, हळूहळू भरेल.

२०२२ चा पावसाळा आला. ढग खाली आले की विमान रद्द. कधी निघून परत फिरायचं. गिऱ्हाईक एकदा अडकलं की पुढच्या वेळी रेल्वेचं तिकीट काढतं. त्याच डिसेंबरच्या ११ तारखेला मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. मोपा गोव्यात पेडणे तालुक्यात असलं तरी आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या बांद्याहून ते हाकेच्या अंतरावर. तिथे मोठी विमानं, अनेक कंपन्या, रात्रीचीही उतरतात. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ पडू लागलं. जूनच्या २७ तारखेला मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली, ती कणकवलीला थांबते. एका सभासदाने तेव्हाच पहिली गाडी विकली.

२०२४ मध्ये फ्लाय नाइंटीवन या नव्या कंपनीची एटीआर हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याकडे सुरू झाली, त्याने थोडी धुगधुगी आली. पण आमचं गिऱ्हाईक मुंबईचं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईचं विमान बंद झालं. तीन वर्षं पूर्ण झाली होती.

तीन वर्षं हा योगायोग नाही. उडान योजनेत विमान कंपनीचा तोटा भरून देण्याची सरकारची हमी एका मार्गासाठी तीन वर्षांचीच होती. पुढे मार्ग आपल्या पायावर उभा राहिला तर राहिला. हे गुपित नव्हतं, योजनेच्या कागदात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. आमच्या चौदा जणांपैकी आणि मी पंधरावा, कुणीही ते वाचलं नव्हतं. जमिनीचा करार पंधरा वर्षांचा, कर्ज सात वर्षांचं, इमारत मी तीस वर्षांच्या आयुष्याची बांधलेली, आणि ज्या एका विमानावर हे सगळं उभं होतं त्याची हमी तीन वर्षांची.

मोठ्या शहराचं थोडं विषयांतर

मंडळातले काही जण म्हणाले, आपल्या नशिबातच नाही. मला ते पटत नाही. टर्मिनल जुनं पडणं ही सगळीकडची गोष्ट आहे, फक्त प्रत्येक ठिकाणची तऱ्हा निराळी. सांताक्रूझचं टर्मिनल १९५८ मध्ये उघडलं. तेव्हा पंख्याची विमानं होती. दोन वर्षांत एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानं आली, १९७१ मध्ये जम्बो आलं. एका विमानातून एकदम तीन-साडेतीनशे माणसं उतरू लागली आणि इमारत तोकडी पडली. त्यात १९७९ ची आग. १९८१ मध्ये सहारला नवं टर्मिनल झालं. तेही पुरेनासं झालं, पाडलं गेलं, आणि त्याच जागी आजचं टर्मिनल दोन उभं राहिलं, ते २०१४ मध्ये सुरू झालं. म्हणजे मुंबईतही एक टर्मिनल तीस-पस्तीस वर्षांत मोडीत निघतं. तिथे गर्दीने निघालं, आमच्याकडे रिकामं राहून.

दाबोळीचं तर आमच्याशी जास्त जुळतं. तिथे नौदलाचा तळ, सकाळचे काही तास सरावासाठी राखीव, म्हणून गर्दी उरलेल्या तासांत. त्यावर उपाय म्हणून नवं प्रशस्त टर्मिनल २०१३ मध्ये बांधलं. नऊ वर्षांत मोपा आलं आणि दाबोळीच्या काही कंपन्या तिकडे गेल्या. दाबोळीच्या भिंतींना काहीही झालेलं नव्हतं.

हे आधी माहीत असतं तर मी केंद्र बांधू नका म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. पण नकाशा वेगळा काढला असता.

पर्याय

नोव्हेंबर २०२४ मध्ये बैठक झाली, रिकाम्या हॉलमध्येच. चार मतं होती. कुलूप लावा आणि मुंबईचं विमान पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा. जमीनमालकाला इमारत देऊन टाका आणि उरलेलं कर्ज वाटून घ्या. बांद्याच्या बाजूला दुसरी जागा घेऊन मोपाचं गिऱ्हाईक धरा. किंवा आहे त्या इमारतीचा दुसरा उपयोग शोधा.

थांबण्याच्या बाजूने सर्वांत जास्त हात होते. तात्या त्याच बाजूचे. विमान परत येणार हे त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण हप्ता दर महिन्याला येत होता.

बैठकीला कलाटणी दिली ती कँटीन चालवणाऱ्या वयनींनी. त्या सभासद नव्हत्या, एका सभासदाच्या घरच्या. तीन वर्षं त्यांनी एका वहीत रोज किती चहा गेले ते लिहून ठेवलं होतं. ती वही त्यांनी टेबलावर ठेवली. आम्ही पानं चाळली. विमान वेळेवर आलं त्या दिवशी पाच-सात चहा, तेही ड्रायव्हरांचे. विमान रद्द झालं किंवा तीन तास उशिरा आलं, त्या दिवशी पन्नास, साठ.

"इमान इला की पॅसेंजर थांबता खंय? सरळ गाडयेत बसता," वयनी म्हणाल्या. "माझी चाय खपता ती इमान येना नाय तेव्हा."

माझ्या नकाशातली चूक इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी दाखवली नसती. साठ माणसांचा हॉल आम्ही विमानासाठी बांधला आणि तो भरला फक्त विमान न आलेल्या दिवशी. म्हणजे विमान सुरळीत चालू झालं असतं तरीही हॉल रिकामाच राहिला असता. थांबण्याचा पर्याय त्या क्षणी मागे पडला. विमान परत आल्याने गाड्यांचं भलं होईल, इमारतीचं होणार नाही, हे सगळ्यांना दिसलं.

त्याच वहीत मागच्या पानांवर खोल्यांची नोंद होती. त्यात विमानाचे प्रवासी क्वचित. बहुतेक मुक्काम बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षकांचे, आरोग्य केंद्रातल्या नर्सचे, रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरचे. या भागात भाड्याने खोली मिळत नाही, मुंबईकरांची घरं कुलपात असतात. हे आम्हाला माहीत होतं, पण आमच्या इमारतीशी जोडून कधी पाहिलं नव्हतं.

मोपाच्या पर्यायावर तरुण सभासद अडून बसले. ते योग्यच होतं, गिऱ्हाईक तिकडेच होतं. पण पुन्हा जागा, पुन्हा बांधकाम, पुन्हा एका विमानतळावर भिस्त. शेवटी ठरलं की गाड्या जातील, इमारत जाणार नाही.

काय केलं

चारही खोल्या महिन्याच्या भाड्याने दिल्या, दोन शिक्षक, एक नर्स आणि एक कुटुंब. हॉल महिला बचत गटाला कोकम आणि आंबापोळीच्या पॅकिंगसाठी दिला. इथे तो स्वच्छतागृहाचा दरवाजा आडवा आला. हॉल कुलपात गेला की ड्रायव्हरांना आणि कँटीनच्या गिऱ्हाइकांना स्वच्छतागृह बंद. बाहेरून दरवाजा फोडायचा तर त्या भिंतीतून पाण्याच्या टाकीचे नळ. दोन महिने भांडणं झाली, मग नळ हलवले. हॉलचे दोन भाग करायचे होते तेही जमलं नाही. मधे खांब नाही आणि छप्पर इतकं उंच की प्लायवूडची भिंत वर पोचत नाही, वास सगळीकडे. मोठ्या प्रशस्त हॉलचं मला जे कौतुक होतं तेच अडचणीचं निघालं.

बुकिंग फोनवर गेलं. पाच गाड्या कुडाळ स्टेशनला, बाकीच्या मागणीप्रमाणे मोपाला प्रवासी सोडायला. तिथून येताना बहुधा रिकाम्या येतात, आणि भाडं ठरवताना तो परतीचा खर्च धरावा लागतो, मग गिऱ्हाईक घासाघीस करतं. यावर तोडगा निघालेला नाही.

परिणाम

कर्जाचा हप्ता आता खोल्यांच्या आणि हॉलच्या भाड्यातून निघतो. सभासदांना वर्गणीवर परतावा मिळालेला नाही आणि कर्ज फिटेपर्यंत मिळणार नाही. चौदापैकी तीन जणांनी गाड्या विकल्या. त्यातला एक मुंबईला परत गेला, चाळिशीत, ज्या नोकरीला कंटाळून गावी आला होता तसल्याच नोकरीवर. मंडळ वाचलं असं मी म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा समोर येतो. वयनी आता रीतसर सभासद आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, नकाशाच्या आधी, एक कागद मागायला हवा होता. टर्मिनलची क्षमता नव्हे, कुठली कंपनी, किती जागांचं विमान, आठवड्यात किती फेऱ्या, आणि ही हमी कधी संपते. तो कागद मिळाला नसता तर कुडाळचा गाळा घेऊन एक हंगाम काढायला हवा होता. ज्या पर्यायावर आम्ही पाच मिनिटंही बोललो नाही तोच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त शिकवणारा होता.

जमिनीच्या करारात दुसऱ्या वापराची परवानगी नव्हती. बचत गटाला हॉल देताना जमीनमालकांच्या मुंबईतल्या भावंडांच्या सह्या गोळा करायला गणपतीपर्यंत थांबावं लागलं असतं. ते घराणं समजूतदार म्हणून फोनवर जमलं. हे कलम पहिल्या दिवशी घालता आलं असतं.

आणि बांधायचंच होतं तर खोल्या आधी, हॉल नंतर. खोली कुणालाही लागते. हॉल केला असता तर खांबांवर, दहा-दहा फुटांचं अंतर ठेवून, मधे केव्हाही भिंत घालता यावी असा. स्वच्छतागृहं बाहेरच्या अंगाला, वेगळ्या दरवाज्याची. पश्चिमेला पडवी. यातलं काहीही महाग नव्हतं. उलट काचेचे पैसे वाचले असते.

तात्या अजून म्हणतात, तू हॉल मोठा बांधलास म्हणून विमान रद्द झालेल्या रात्री माणसं पावसात उभी राहिली नाहीत. तेही खरं आहे. त्या रात्री मी पाहिल्या आहेत, लहान मुलं बाकड्यावर झोपलेली, वयनी रात्री अकराला पेज शिजवताना.

या मे महिन्यात काच काढली. तिच्या जागी चिऱ्याची जाळीची भिंत घातली आणि पुढे चार फुटांची पडवी, मंगलोरी कौलांची. उरलेल्या काचेचं एक कपाट करून त्यात बचत गटाने कोकमाच्या बाटल्या मांडल्या आहेत. पावसाला अजून तीन आठवडे आहेत. पहिली झड आली की जाळीतून पाणी किती आत येतं ते पाहायला मी जाऊन बसणार आहे.